तुर्कस्तानातून सुकवलेल्या भाज्या मागवून बडोद्यात विकायच्या आहेत. पैसे पाठवण्यापूर्वी काय पाहावे?

मकरपुरा_गृहउद्योग:
नमस्कार. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (सरकारी औद्योगिक वसाहतीत) आमचे सूप आणि मसाल्यांच्या तयार मिश्रणांचे छोटे युनिट आहे. सुका कांदा व लसूण आम्ही महुव्याहून घेतो आणि त्याबद्दल काहीच तक्रार नाही. पण उन्हात वाळवलेला टोमॅटो, सुके मशरूम आणि सुक्या ढोबळी मिरचीचे काप आम्हाला हवे तसे इथे मिळत नाहीत. तुर्कस्तानातील एक व्यापारी तिन्ही जिन्नस मिळून 800 किलोची पहिली खेप पाठवायला तयार आहे. निम्मा माल आम्ही वापरू आणि उरलेला 100 ग्रॅमच्या पाकिटांत भरून हातीखाना व अलकापुरीतील दुकानदारांना देऊ, असा विचार आहे. आमच्याकडे राज्याचा अन्न परवाना आहे. तो पुरेल का?

न्हावाशेवा_क्लिअरिंग:
ताई, तो पुरणार नाही. आयात कितीही लहान असली तरी आयातदार म्हणून एफएसएसएआयचा (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) केंद्रीय परवाना लागतो आणि त्याआधी आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा संकेतांक, काढावा लागतो. परवान्याची दगदग मात्र एकदाच होते. खरे नुकसान होते ते माल तिकडून निघण्यापूर्वी ज्या गोष्टी ठरायला हव्या होत्या, त्या ठरल्या नाहीत म्हणून.

पहिली गोष्ट वर्गीकरणाची. सुक्या भाज्या सीमाशुल्काच्या 0712 या शीर्षाखाली येतात, मग त्या अख्ख्या असोत, काप असोत वा भुकटी, फक्त त्यांवर पुढची प्रक्रिया झालेली नसावी. तुमचा टोमॅटो आणि मशरूम तिथे बसतात. सुकी ढोबळी मिरची मात्र तिथे बसत नाही. मिरचीच्या कुळातील सुकी फळे भाज्यांच्या प्रकरणातून वगळून 0904 खाली, मसाल्यांच्या प्रकरणात ठेवली आहेत. तोच टोमॅटो तेलात बुडवून आला तर तो 2002 खाली जातो. व्यापारी तिन्ही जिन्नस ‘ड्राइड व्हेजिटेबल्स’ म्हणून एकाच ओळीत लिहून देतो आणि बिल ऑफ एंट्री, म्हणजे सीमाशुल्काकडचे आयात-विवरण, भरताना गोंधळ सुरू होतो.

दुसरी गोष्ट लेबलची, आणि इथे मी माझेच उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकासाठी सुक्या मशरूमची लहान पाकिटे आली होती. बाहेरच्या खोक्यावर उत्पादनाची तारीख ठळक छापलेली होती. पाकिटाच्या खालच्या कडेला मात्र ‘एल’ हे अक्षर आणि पाच आकडे एवढेच होते. पुरवठादाराच्या मते तीच तारीख होती, त्याच्या स्वतःच्या पद्धतीने लिहिलेली. आयातदाराचे नाव-पत्ता, एफएसएसएआयचे चिन्ह व 14 अंकी परवाना क्रमांक आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह या गोष्टी बंदरातच न निघणाऱ्या स्टिकरने लावू देतात. तारीख किंवा घटकांची यादी नसेल तर ती उणीव तशी भरून काढता येत नाही. तो सगळा माल ग्राहकाला स्वखर्चाने परत पाठवावा लागला, आणि तोवर डेमरेज, म्हणजे माल बंदरात पडून राहिल्याचे भाडे, चढतच होते. तेव्हापासून छपाईपूर्वी पाकिटाच्या चारही बाजूंचे फोटो आल्याशिवाय मी कुणाला आगाऊ रक्कम पाठवू देत नाही.

मुदतीचा नियम लोक अर्धाच वाचतात. 2017 च्या आयात विनियमांनुसार माल येताना मुदतीचा 60 टक्के भाग किंवा तीन महिने, यांपैकी जे कमी असेल तेवढे शिल्लक हवे. बारा महिने टिकणाऱ्या मालाला म्हणून तीन महिने पुरतात. अर्थात उरलेल्या तीन महिन्यांत तुम्ही तो विकणार कधी, हा प्रश्न वेगळा.

वनस्पती संगरोधाचा (आयात मालातून कीड-रोग येऊ नयेत म्हणूनचा) 2003 चा आदेशही आधी तपासा, कारण फायटोसॅनिटरी, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचे, प्रमाणपत्र माल जिथून निघतो त्या देशातच मिळते.

प्रयोगशाळेतील_तीस_वर्षे:
वरील उत्तराला मी मालाच्या दर्जाची बाजू जोडतो. तुर्की टोमॅटो साधारणपणे उभा चिरून, मीठ लावून उन्हात वाळवलेला असतो. गंधकाची प्रक्रिया केलेला लालभडक राहतो आणि न केलेला तपकिरी पडतो. भारतीय खरेदीदार रंगावर भाळून पहिला प्रकार निवडतो; पण त्या प्रक्रियेतून मालात राहणाऱ्या सल्फाइटचे प्रमाण किलोला 10 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असेल तर लेबलवर ते ॲलर्जीकारक म्हणून जाहीर करावे लागते. दम्याच्या काही रुग्णांना त्याचा खरोखर त्रास होतो, म्हणून ही ओळ गाळू नये, अशी माझी मनापासून विनंती आहे. व्यापाऱ्याकडून सल्फाइट, मीठ आणि आर्द्रता हे तिन्ही आकडे त्या बॅचच्या अहवालासह मागून घ्या. मिठाचा आकडा हाती नसेल तर तुमच्या सूपची कृती पहिल्याच घाण्याला बिघडेल.

आर्द्रतेबरोबर पाण्याची क्रियाशीलताही, म्हणजे जंतूंना वापरता येईल अशा मोकळ्या पाण्याचे माप, विचारा. ती 0.6 च्या खाली असेल तर बुरशी व जिवाणू वाढू शकत नाहीत. जुलैच्या बडोद्यात गोणीचे तोंड दुपारभर उघडे राहिले तरी काप मऊ पडतात, तेव्हा पाकिटे भरण्याचे काम पावसाळ्याआधी उरका किंवा खोलीत आर्द्रता कमी करणारे यंत्र बसवा. नमुना आला की दहा ग्रॅम काप कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, निथळून पुन्हा वजन करा आणि तो आकडा लिहून ठेवा. मुख्य खेप आल्यावर तशीच चाचणी घेतली की पुरवठादाराने तोच माल पाठवला आहे की नाही, ते कळते.

मकरपुरा_गृहउद्योग:
दोघांचेही आभार, काका. मिरचीच्या वर्गीकरणाचे तर आमच्या ध्यानीमनीही नव्हते. मोठ्या खोक्यांत माल आणून पाकिटे इथेच भरली, तर लेबलची अडचण टळेल का?

न्हावाशेवा_क्लिअरिंग:
बरीचशी टळेल, कारण मग पाकिटावर काय छापायचे ते तुमच्या हातात राहते. पण पुनर्वेष्टन, म्हणजे आलेला माल पुन्हा पाकिटांत भरणे, हा वेगळा व्यवसायप्रकार आहे, तो मकरपुऱ्याच्या जागेच्या परवान्यात नोंदवून घ्या. किरकोळ पाकिटावर वजन-मापाच्या 2011 च्या नियमांप्रमाणे आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत आणि ग्राहक-तक्रारीचा संपर्क छापावा लागतो. घाऊक खोक्यांवरही तारीख, बॅच आणि घटक लिहिलेले हवेतच.

आणखी एक, पहिल्या खेपेत तिन्ही जिन्नस आणू नका. नमुने जिन्नसागणिक काढले जातात आणि तपासणीचे शुल्क नमुन्यागणिक लागते, शिवाय एकाचा अहवाल अडला की बाकीच्यांचे वेळापत्रकही लांबते. आधी फक्त टोमॅटो मागवा. मिरचीसाठी वेगळे बीजक करून घ्या, आणि ते करून देण्याची तयारी नसेल तर त्या व्यापाऱ्याकडून मिरची घेऊच नका.