प्रतिसाद: चंद्रग्रहण सगळ्यांना, सूर्यग्रहण मोजक्यांना का?

वर एकांनी विचारलंय की सूर्यग्रहणं चंद्रग्रहणांइतकीच होतात, मग आपल्या वाट्याला चंद्रग्रहणंच जास्त का येतात? प्रश्न रास्त आहे. फरक सावलीच्या आकाराचा आहे.

चंद्राच्या अंतरावर पृथ्वीची गडद सावली सुमारे ९,००० कि.मी. रुंद असते आणि चंद्र जेमतेम ३,५०० कि.मी.चा. तो अख्खा त्यात बुडतो. काळोख चंद्रावरच पडत असल्याने त्या वेळी ज्याच्या आकाशात चंद्र आहे त्याला ग्रहण दिसतं, म्हणजे जवळजवळ अर्ध्या पृथ्वीला, आणि तेही एकाच क्षणी.

सूर्यग्रहणात उलट. चंद्राच्या सावलीचं टोक पृथ्वीवर फार तर अडीचशे-पावणेतीनशे कि.मी.चा ठिपका पाडतं आणि तो पळत राहतो. तो ज्या पट्ट्यावरून जातो त्यात असाल तर खग्रास, बाजूला खंडग्रास, त्याहून लांब असाल तर काहीच नाही.

२०२५ची जोडी बघा. ७ सप्टेंबरच्या रात्री खग्रास चंद्रग्रहण भारतभर दिसलं, खग्रास स्थितीच ८२ मिनिटं. पंधरवड्याने सूर्यग्रहण झालं, पण ते न्यूझीलंड-अंटार्क्टिकाकडे, तेही खंडग्रासच.

२२ जुलै २००९ला खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा सुरतेवरून गेला, मुंबई-पुणे बाहेर राहिले. आम्ही हौसेने रात्रभर प्रवास करून सुरत गाठली, तर वर आषाढ-श्रावणाचे ढग! अंधार तेवढा पाहिला. म्हणजे पट्ट्यात असूनही दिसेलच असं नाही.

२ ऑगस्ट २०२७ला इजिप्तमधल्या लक्सरला सहा मिनिटांहून जास्त खग्रास आहे. तिथे ढगांची भीती नाही, उन्हाची आहे.