वेदपाठशाळेत डिजिटल साधने: काय घ्यावे, काय टाळावे? (वाई)

कृष्णाकाठ
वाईजवळच्या निवासी वेदपाठशाळेसाठी सल्ला हवा आहे. ऋग्वेद, शाकल शाखा (ऋग्वेदाच्या पाठाची एक परंपरा). १४ विद्यार्थी, वय ९ ते १६, दोन गुरुजी. मुलांकडे मोबाईल नसतात आणि तो नियम मोडायचा नाही. वीज जाते, नेटचा भरवसा नाही. खर्चाची मर्यादा २५,००० रुपये. एक जुना लॅपटॉप आहे. तीन गोष्टी हव्या आहेत: संध्याकाळच्या आवृत्तीसाठी (उजळणीसाठी) ध्वनिमुद्रण, स्वरचिन्हांसह टाइप केलेले पाठ, आणि व्याकरणाला मदत. यूट्यूबवरचे पठण लावून चालेल का?

शाकल
यूट्यूबचे पठण लावू नका. शाखा वेगळी असू शकते, आणि शाखा तीच असली तरी म्हणण्याची धाटणी वेगळी असते. लहान मुलगा जे जास्त वेळा ऐकतो तेच त्याच्या तोंडात बसते, मग ते काढता काढता गुरुजींचे महिने जातात. तुमच्याच गुरुजींचा आवाज मुद्रित करा. तोही संथा (गुरुजींमागून म्हणत पाठ घेणे) झालेल्या भागापुरताच मुलांना द्या. नवा पाठ यंत्रावरून सुरू झाला तर चूक जागच्या जागी अडवायला समोर कोणी नसते.

तंबोरा_मिरज
मुद्रणाबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

मोबाईलवर व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट करून ठेवू नका. बोलणे पोहोचावे एवढ्यासाठीच ती आवाज दाबून लहान फाइल करते. बऱ्याच फोनमध्ये गोंगाट कमी करणारी सोयही असते आणि तिला विसर्गाचा श्वास हाच गोंगाट वाटतो. ‘स नः॑ पि॒तेव॑’ मधल्या ‘नः’चा शेवट अर्धवट खाल्ला जातो. आवाज आपोआप लहानमोठा करणारी सोय चालू असेल तर बल (उच्चारातला जोर) सपाट होते, आणि श्वास घेताना मागचा पंखा एकदम मोठा ऐकू येतो. म्हणून पातळी हाताने लावता येईल असा छोटा रेकॉर्डर घ्या. सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहू द्या.

माइक तोंडापासून वीतभर, थोडा बाजूला. अगदी समोर धरला की प, फ, ब, भ ला धप्प आवाज येतो. खोलीत सतरंज्या अंथरा, समोरच्या भिंतीवर एक-दोन गोधड्या टांगा. पत्र्याचे छप्पर असेल तर मुद्रण पावसाळ्याआधी उरका.

मूळ फाइल वेव्ह, मोनो, ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट. तासाला सुमारे ३२० एमबी होतात. ऐकण्याची प्रत ६४ केबीपीएस एमपी३ केली की तोच तास २९ एमबीत बसतो. मूळ फाइल कधीही पुसू नका.

नंतर ऑडॅसिटी हे फुकटचे सॉफ्टवेअर. प्रत्येक ऋचेच्या सुरुवातीला कंट्रोल-बी दाबून खूण करा, तिला ०१-००१-०१ असे मंडल-सूक्त-ऋचा नाव द्या, मग सगळे तुकडे एकदम वेगळे करून घेता येतात. शून्ये गाळू नका, नाहीतर १० क्रमांकाचे सूक्त २ च्या आधी येऊन बसते.

कृष्णाकाठ
संथेत गुरुजी एकदा म्हणतात आणि मुले दोनदा. तशी जागा सोडता येईल का?

तंबोरा_मिरज
येईल. प्रत्येक पादानंतर (ऋचेच्या चरणानंतर) त्याच्या लांबीच्या दुप्पट शांतता भरा, वर एक सेकंद श्वासाला. वेग कमी करायचा असेल तर ‘टेम्पो’ बदला. ‘स्पीड’ बदलला की पट्टीही खाली उतरते. ७५ टक्क्यांच्या खाली मात्र जाऊ नका. ऱ्हस्व इतका ताणला जातो की मुलांना तो दीर्घ वाटतो. त्यापेक्षा गुरुजींकडून विलंबित लयीत वेगळे मुद्रण करून घेतलेले केव्हाही चांगले.

अक्षरजुळणी
टायपिंग युनिकोडमध्येच, म्हणजे प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला ठरलेला क्रमांक असलेल्या पद्धतीत. जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर शोधता येत नाही, आणि दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला तर अक्षरांचा नुसता काला होतो. आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ फॉन्ट मोफत आहे, वैदिक चिन्हे नीट बसतात.

खालची आडवी रेघ म्हणजे अनुदात्त (खालचा स्वर), तिचा क्रमांक ०९५२. वरची उभी रेघ ०९५१. युनिकोडने हिला उदात्ताचे (उंच स्वराचे) नाव दिले आहे, पण ऋग्वेदात ती स्वरिताची (उदात्तानंतर येणाऱ्या उतरत्या स्वराची) खूण. उदात्ताला चिन्हच नाही. टाइप करणाऱ्याला हे आधी सांगा, नाहीतर तो नाव वाचून चुकीच्या अक्षरावर रेघ देईल. क्रम असा: अक्षर, मात्रा, मग अनुस्वार किंवा विसर्ग, शेवटी स्वरचिन्ह. ‘नः॑’ साठी न, विसर्ग, मग ०९५१. उलट केले तर काही ठिकाणी ठिपक्यांचे वर्तुळ उमटते.

छापील पान स्कॅन करून अक्षरओळख करून घेण्याच्या भानगडीत स्वरांसाठी पडू नका. त्या रेघा यंत्र गाळते किंवा भलत्याच अक्षराला चिकटवते. तपासताना एकाने मोठ्याने म्हणायचे, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून पाहायचे. मुलांना पीडीएफच द्या, फॉन्ट आत बसवून.

शाकल
हे टायपिंग-तपासणीचे काम आणि शालेय विषय अनध्यायाला (वेदाचा नवा पाठ न घेण्याच्या दिवशी) ठेवा. प्रतिपदा, अष्टमीला नवी संथा नसतेच.

व्याकरणाला अँकी हे प्रश्नोत्तरांच्या कार्डांवर उजळणी करून घेणारे सॉफ्टवेअर वापरा. लॅपटॉपवर फुकट आहे, नेटशिवाय चालते. शब्दरूपे, धातुरूपे, अमरकोशातले समानार्थी शब्द, रोज १० नवी कार्डे, जास्त नको. साचलेली उजळणी पाहून मुले कंटाळतात. संहिता (मंत्रांचा सलग मूळ पाठ) मात्र त्यात घालू नका. अँकी कार्डे उलटसुलट क्रमाने विचारते, आणि संहितेच्या पाठांतराचा सगळा आधार क्रमावर असतो.

कृष्णाकाठ
मुलांनी ऐकायचे कशावर? आणि गावाला गेलेल्या मुलाचा पाठ ऑनलाइन घेता येईल का?

तंबोरा_मिरज
बटणांचे, मेमरी कार्डावर चालणारे एमपी३ प्लेअर तीन-चार घ्या. एकच तुकडा पुन्हा पुन्हा लावण्याची सोय आहे ना, ते दुकानातच लावून बघा. इअरफोन नको, छोटा स्पीकर. गुरुजींच्या कानावरही पडले पाहिजे.

ऑनलाइन पाठ एकेका मुलाचाच. आवाज उशिरा पोहोचतो, त्यामुळे सगळ्यांनी एका सुरात म्हणणे जमतच नाही. झूमवर दोन्हीकडे ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा, नाहीतर विसर्ग पुन्हा गेला.

अक्षरजुळणी
दोन हार्ड डिस्क ठेवा. एक पाठशाळेत, दुसरी दुसऱ्या इमारतीत, घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून. दर महिन्याला दोन्ही लॅपटॉपला जोडून चार फाइल उघडून बघा.