आवडीइतकीच कामाची घडणही पाहावी

आवडीचे क्षेत्र सापडले की स्वमग्न (ऑटिस्टिक) किंवा एडीएचडी (लक्ष टिकवणे अवघड जाणे व अतिचंचलता) असलेल्या प्रौढाचा नोकरीचा प्रश्न सुटतो, असे म्हटले जाते; हे मत मला अर्धेच पटते. मला अडतिसाव्या वर्षी स्वमग्नतेचे निदान झाले. तोवर मी अंधेरीतील एका जाहिरात कंपनीत मजकूर लिहीत होतो, आणि लिहिणे मनापासून आवडत असूनही सकाळी डोंबिवलीहून निघून, दादरला गाडी बदलून, सतत फोन वाजणाऱ्या त्या भिंती नसलेल्या दालनात पोहोचेपर्यंत माझी निम्मी शक्ती संपलेली असे. आता मी मुद्रितशोधन करतो. पगार कमी आहे, आणि तो टोचतोही. परंतु गाडी साडेअकराची, टेबल खिडकीकडे तोंड केलेले, आणि सूचना तोंडी न येता कागदावर येतात, त्यामुळे निसटलेला एखादा ऱ्हस्व-दीर्घ पकडल्याचा आनंद घरी येईपर्यंत टिकतो.

कायद्याचेही थोडे सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातील अडचणी) यांचा समावेश आहे, एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. सरकारी नोकरीतील आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. मात्र कलम २१ नुसार समान संधी धोरण (दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी काय सोयी केल्या जातील हे सांगणारे) जाहीर करण्याचे बंधन खाजगी आस्थापनांवरही आहे, तेव्हा रुजू होण्याआधी ते अवश्य मागावे. मी मागितले तेव्हा एका ठिकाणी मला सुट्ट्यांची यादी देण्यात आली होती.