चार वर्षे उत्पादन विभागात काढल्यावर सॉफ्टवेअरकडे वळायचे आहे. सुरुवात कोठून करावी?

चाकणचा अभियंता

नमस्कार. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून मेकॅनिकलची पदवी घेतल्यानंतर गेली चार वर्षे मी चाकण येथे वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात उत्पादन विभागात काम करतो. सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनवर होणाऱ्या भागांची मापे, रिजेक्शन (सदोष म्हणून बाद होणारे भाग), ग्राहकाच्या तक्रारी आणि तिन्ही पाळ्यांचे नियोजन ही माझी रोजची कामे आहेत. प्रत्येक पाळीची रिजेक्शनची एक्सेल पत्रके हाताने एकत्र करण्यात फार वेळ जात असे, म्हणून मी पायथन शिकून त्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला, आणि आता आमचा क्वालिटी विभागही तो वापरतो. तेव्हापासून हेच काम पूर्णवेळ करावे असे मनापासून वाटते.

घरची जबाबदारी माझ्यावर असल्यामुळे पगाराशिवाय फार काळ राहता येणार नाही. नोकरी सोडून सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेचा अभ्यासक्रम करावा, नोकरी सांभाळून घरी शिकावे, की कॅड (संगणकावर डिझाइन) आणि पीएलएम (उत्पादनाची डिझाइनपासूनची सगळी माहिती सांभाळणारी प्रणाली) यांसारख्या जवळच्या क्षेत्रातून आत शिरावे, याचा निर्णय होत नाही. कारखान्यातील अनुभव नव्या क्षेत्रात शून्य धरला जातो असे मित्र सांगतात. ते कितपत खरे आहे?

पीएलएम_पिंपरी

ते अर्धे खरे आहे. बँकांसाठी किंवा ऑनलाइन विक्रीसाठी प्रणाली लिहिणाऱ्या कंपनीला तुमच्या कारखान्यातील अनुभवाचा फारसा उपयोग नसतो आणि तेथे तुम्हाला बहुधा नवख्याचाच पगार मिळेल. पुण्यात मात्र अभियंत्यांसाठी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या आणि ते एकेका कारखान्याच्या गरजेप्रमाणे बेतून देणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत. सीमेन्स, पीटीसी आणि दासो यांची केंद्रे येथेच आहेत. एनएक्स, क्रिओ, कॅटिया या त्यांच्या प्रत्येक कॅड प्रणालीत प्रोग्राम लिहून मॉडेल आणि ड्रॉइंग तयार करण्याची सोय असते, आणि हे काम करणाऱ्याला प्रोग्रामिंगइतकेच ड्रॉइंग वाचता यावे लागते.

पीएलएममध्ये तर तुमचा अनुभव थेट कामाला येतो. डिझाइन विभागाची सुट्या भागांची यादी आणि उत्पादन विभागाची यादी सारखी नसते. डिझाइनच्या यादीत ग्रीस, सीलंट, पॅकिंग यांचा उल्लेख अनेकदा नसतो, तर उत्पादनाच्या यादीत त्यांच्यासकट कोणता भाग कोणत्या टप्प्यावर बसवायचा हेही यावे लागते. टीमसेंटर किंवा विंडचिल अशा पीएलएम प्रणालीत या दोन याद्यांचा मेळ घालणे, आणि डिझाइनमध्ये बदल झाला की तो उत्पादनापर्यंत नेमका पोहोचेल अशी व्यवस्था करणे, हे या क्षेत्रातील नेहमीचे काम आहे. जुन्या आवृत्तीच्या ड्रॉइंगवर माल निघाला तर काय होते, हे ज्याने कारखान्यात पाहिले आहे, त्याला ही व्यवस्था कशासाठी असते ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

सरावासाठी फ्रीकॅड हे कॅड सॉफ्टवेअर घ्या. ते मोफत आहे आणि त्यात पायथनचे मॅक्रो (छोटे प्रोग्राम) लिहिता येतात. तक्त्यातील मापे वाचून फ्लँजचे मॉडेल तयार करणारा मॅक्रो हा पहिला सराव म्हणून पुरेसा आहे. या क्षेत्राची मर्यादाही सांगतो: बाजारपेठ अरुंद आहे, आणि एकाच उत्पादनाच्या बारकाव्यांत अनेक वर्षे गेली तर दुसरीकडे जाणे कठीण होते. म्हणून जावा किंवा सी++ पक्की करणे टाळू नका.

हिंजवडीहून

वरील सल्ला चांगला आहे, पण त्यात एक धोका दिसतो. जवळचे क्षेत्र म्हणून लोक कॅडकडे जातात आणि डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क, डेटाबेस या पायाभूत विषयांचा अभ्यास कायमचा मागे पडतो. तुम्हाला प्रोग्रामिंगच आवडत असेल तर तो पाया एकदा नीट घातलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मीही मेकॅनिकलचाच, सी-डॅकचा डॅक हा प्रगत संगणनाचा पदविका अभ्यासक्रम केला. तो सुमारे सहा महिन्यांचा आणि पूर्ण दिवसाचा असल्यामुळे नोकरी सांभाळून जमत नाही. वर्षातून दोन तुकड्या निघतात आणि प्रवेश सी-कॅट परीक्षेतून होतो. वेग एवढा असतो की सी भाषा आणि डेटा स्ट्रक्चर्सचा अभ्यास आधी झाला नसेल, तर पहिल्या काही आठवड्यांतच मागे पडायला होते.

त्यामुळे राजीनामा लगेच देऊ नका. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची या विषयांवरील व्याख्याने विनामूल्य आहेत. ती पाहत आणि रोज स्वतः प्रोग्राम लिहीत सी-कॅटची तयारी करा, आणि निकाल पाहून मग नोकरीचा विचार करा. शिवाय अभ्यासक्रम संपला त्याच दिवशी नोकरी मिळेलच असे नसते, म्हणून हिशेब सहा महिन्यांपेक्षा अधिक काळाचा धरावा.

श्टुटगार्टवासी

तिसरा रस्ताही आहे, आणि तुम्ही वाहन उद्योगातच असल्याने तो विचारात घ्यावा. आजच्या वाहनात इंजिन, ब्रेक, स्टीअरिंग यांचे नियंत्रण ईसीयू म्हणजे वाहनातील छोट्या नियंत्रक संगणकांमधील सॉफ्टवेअर करते. हे ईसीयू एकमेकांशी कॅन या संदेशवहनाच्या पद्धतीने बोलतात, जी बॉशने १९८६ साली मांडली. सॉफ्टवेअरची रचना अनेकदा ऑटोसार या वाहन उद्योगाच्या सामाईक मानकाप्रमाणे असते आणि सुरक्षिततेसाठी आयएसओ २६२६२ हे मानक लागू होते. १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक निकष आल्यानंतर इंजिन आणि धूर-शुद्धीकरणाच्या नियंत्रणाचे काम तेथेही वाढले.

यासाठी सी भाषा आणि मायक्रोकंट्रोलरची ओळख लागते, आणि मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला इलेक्ट्रॉनिक्सचा हा भाग कष्टाने शिकावा लागतो. कंट्रोल सिस्टीम आणि व्हायब्रेशन मात्र तुम्ही शिकलेले आहात, आणि सिम्युलिंक या सॉफ्टवेअरमध्ये नियंत्रणाचे मॉडेल करताना तीच समीकरणे पुन्हा भेटतात. ईसीयूच्या चाचणीपासून सुरुवात करणारे मेकॅनिकलचे अनेक जण मी पाहिले आहेत. पुण्यात हे काम भरपूर चालते.

चाकणचा अभियंता

सर्वांचे मनापासून आभार. नोकरी तूर्त सोडत नाही. सी भाषा आणि डेटा स्ट्रक्चर्सचा अभ्यास सुरू करतो आणि कॅडचा सरावही ठेवतो. एकच शंका उरते. बायोडेटात दाखवण्यासारखा माझ्याकडे तो रिजेक्शनचा प्रोग्रामच आहे. तो फारच किरकोळ वाटेल का?

पीएलएम_पिंपरी

मुळीच नाही. आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्या अनेकांचे प्रकल्प क्लासमध्ये सगळ्यांनी मिळून केलेले असतात, आणि ते कोणाला हवे होते हे विचारले की उत्तर येत नाही. तुमचा प्रोग्राम माणसे रोज वापरतात, तोच वाढवा. पत्रकांऐवजी नोंदी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवा, प्रत्येक मापाचा सीपीके (माप ठरलेल्या मर्यादेत किती खात्रीने राहते ते दाखवणारा आकडा) काढा, आणि तो १.३३ च्या खाली गेला की सूचना देण्याची सोय करा. मापन चुकीचे आले किंवा रकाना रिकामा राहिला तर प्रोग्राम काय करतो, याच्या चाचण्या लिहा. मुलाखतीत मी हेच आधी विचारतो. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवताना कंपनीची आकडेवारी, ड्रॉइंग क्रमांक आणि ग्राहकाचे नाव त्यात अजिबात येऊ देऊ नका, स्वतः तयार केलेल्या नमुना नोंदी वापरा. आणि जो कोड कामाच्या वेळेत लिहिला गेला, त्यावर कंपनीचा हक्क असू शकतो, म्हणून तो जसाच्या तसा न टाकता घरी नव्याने लिहून काढा.