मदत हवी आहे: कॅनडात मेडिकलला एमकॅट किती लागतो? (तातडीचं)

गोदाकाठचा
नमस्कार मंडळी. मुलगी लंडनला बायोलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मार्क चांगले आहेत, सगळे ऐंशीच्या वर. पुढे तिकडेच मेडिकल करायचं म्हणते. त्यासाठी एमकॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते असं कळलं. एका ऑनलाइन क्लासवाल्यांनी फी सांगितली आहे. रुपयांत केली की डोळे पांढरे होतात, आणि शुक्रवारपर्यंत भरली तरच सवलत. प्रश्न एवढाच: चांगल्या कॉलेजला एमकॅट किती लागतो आणि क्लास लावावा का? ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच लिहा. गूगल करून झालेलं आहे.

बर्फातला बंड्या
लंडनला एमकॅट कुठे असते? यूकेत यूकॅट असते. पूर्वी काही कॉलेजं बीमॅट घ्यायची, ती २०२३ नंतर बंद झाली. आणि पदवीनंतर चार वर्षांचा ग्रॅज्युएट एंट्री कोर्स असतो, माझ्या मेव्हण्याच्या मुलाने तोच केला. लिंक हवी तर देतो.

गोदाकाठचा
अहो, लंडन ओंटारिओ. शीर्षकात कॅनडा लिहिलंय की.

मिसिसागाची मंजू
दादा, आधी तीन गोष्टी सांगा. मुलगी कॅनडाची नागरिक आहे, पीआर (कायमची रहिवासी) आहे, की स्टडी परमिटवर? कायमचा पत्ता कुठल्या प्रांतातला? आणि ऐंशीच्या वर म्हणजे ८१ की ८९? शेवटचा प्रश्न खवचटपणे विचारत नाहीये. ओंटारिओत मेडिकलचे अर्ज ओमसास नावाच्या एकाच ठिकाणी जातात आणि तिथे टक्क्यांचा जीपीए, म्हणजे चारपैकी गुणांक करतात. ९० आणि वर म्हणजे ४.०, ८५ ते ८९ म्हणजे ३.९, ८० ते ८४ म्हणजे ३.७. ८४ आणि ८५ मधला एक मार्क तिथे फार महाग पडतो.

गोदाकाठचा
सरासरी ८६ च्या आसपास असेल. व्हिसाचं वगैरे नंतर बघू, तो इमिग्रेशनचा विषय झाला. मी अ‍ॅडमिशनचं विचारतोय. एमकॅटचा आकडा कोणी सांगेल का?

शेवग्याची शेंग
आकडा हवाय तर घ्या. चार विभाग, प्रत्येकी ११८ ते १३२, एकूण ४७२ ते ५२८. टोरांटो विद्यापीठाला प्रत्येक विभागात १२५ लागतात, एखाद्यात १२४ चालतात. मॅकमास्टर चारपैकी फक्त कार्स बघतं, म्हणजे उतारे वाचून उत्तरं द्यायचा विभाग. त्यात किमान १२३. आपली मुलं फिजिक्स-केमिस्ट्री उडवतात आणि कार्समध्ये आपटतात, कारण त्याला पाठांतर चालत नाही. ओटावा, नॉर्दर्न ओंटारिओ आणि ब्रॅम्प्टनला २०२५ मध्ये सुरू झालेलं टोरांटो मेट्रोपॉलिटनचं कॉलेज एमकॅट मागतच नाहीत. माझ्या लेकाने क्लास लावला नव्हता. परीक्षा घेणाऱ्या एएएमसीचे सरावाचे पेपर विकत घेतले आणि रोज सकाळी एक कार्सचा उतारा घड्याळ लावून सोडवला. क्लासवाल्यांना पैसे देऊ नका.

डॉ. गारठलेला
लेको, एमकॅट काय घेऊन बसलात. मी मिरजेच्या सरकारी कॉलेजातून एमबीबीएस, आता सस्कॅचवानमध्ये फॅमिली डॉक्टर. मुलीला परत बोलवा, नीट द्यायला लावा. नीटची वरची वयोमर्यादा २०२२ पासून काढलेली आहे. तिचं दहावी-बारावी महाराष्ट्रातलं असेल आणि डोमिसाइल असेल तर ८५ टक्के राज्य कोट्यात बसेल. फी तिथल्या पासंगालाही पुरणार नाही. एमबीबीएस करून मग कॅनडाला यायचं. मेडिकल काउन्सिल ऑफ कॅनडाची पहिली परीक्षा भारतात बसूनही देता येते.

बर्फातला बंड्या
डॉक्टरसाहेब, पहिली परीक्षा देता येते हो, पण पुढचं सांगा की. नॅक ओस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा द्या, मग कार्म्स या जागावाटपाच्या यंत्रणेतून रेसिडेन्सीसाठी (हॉस्पिटलमधल्या पुढच्या प्रशिक्षणासाठी) रांगेत उभे राहा. तिथे परदेशी पदवीवाल्यांच्या जागा वेगळ्या, थोड्या, आणि पीआर किंवा नागरिक नसाल तर अर्जच करता येत नाही. इथे एमबीबीएस झालेली माणसं लॅबमध्ये नमुने मोजत बसलेली मी पाहिली आहेत. कॅनडात शिकत असलेल्या पोरीला नीट द्यायला परत न्यायचं म्हणजे मुंबईला जायला निघालेल्याने कल्याणहून इगतपुरीची गाडी धरायची.

डॉ. गारठलेला
मी रेसिडेन्सी केलेली नाही, प्रॅक्टिस रेडी असेसमेंटमधून आलो. सस्कॅचवानमध्ये त्याला सिप्पा म्हणतात. भारतात आधी स्वतंत्रपणे प्रॅक्टिस केलेली असली पाहिजे, इथे आल्यावर काही आठवडे वरिष्ठांच्या नजरेखाली काम, मग गावाकडे ठरावीक वर्षांचा करार. माझ्या गावात पेशंट शंभर किलोमीटरवरून येतात आणि येताना घरची अंडी आणतात. लॅबमध्ये नमुने मोजणाऱ्यांनी गावाकडे जायची तयारी दाखवली का, हेही विचारा.

पोळी की चपाती
डॉक्टर गावाला जात नाहीत आणि आम्ही हॅलिफॅक्समध्ये फॅमिली डॉक्टरच्या यादीत नाव घालून बसलोय. घसा दुखला तर इमर्जन्सीत जाऊन अख्खी रात्र प्लास्टिकच्या खुर्चीत काढायची. या देशाला डॉक्टर हवेत आणि डॉक्टर व्हायला दार उघडत नाहीत, ही गंमत कोणी समजावून सांगेल का?

निरुपमा के
समजावता येईल पण वेगळ्या धाग्यात. गोदाकाठचा, तुम्ही मंजूताईंच्या पहिल्या प्रश्नाला बगल देताय. बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. मुलगी स्टडी परमिटवर आहे का? हो की नाही?

गोदाकाठचा
हो, स्टडी परमिट. बारावी नाशिकला झाली, मग तिकडे गेली. आम्ही दोघं इथेच असतो. पण तीन वर्षं तिथली फी भरली आहे, पदवी तिथलीच असणार, मग तिला तिथलीच समजणार ना? तिच्याच युनिव्हर्सिटीचं मेडिकल कॉलेज आहे, तिच्या हॉस्टेलपासून चालत जाण्यासारखं.

निरुपमा के
नाही समजणार. वेस्टर्नचं ते कॉलेज, शूलिक, फक्त नागरिक आणि पीआर यांचे अर्ज घेतं. फी कुठे भरली याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. ओंटारिओत पूर्वी टोरांटो आणि मॅकमास्टर थोड्या परदेशी विद्यार्थ्यांचा विचार करायचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रीमियर (प्रांताचे मुख्यमंत्री) डग फोर्ड यांनी जाहीर केलं की २०२६ च्या प्रवेशापासून ९५ टक्के जागा ओंटारिओच्या रहिवाशांना आणि उरलेल्या ५ टक्के इतर प्रांतांतल्या कॅनेडियनांना. परदेशी विद्यार्थ्यांना शून्य.

आणि हे फक्त ओंटारिओचं नाही. ब्रिटिश कोलंबियाही नागरिक किंवा पीआरच घेतं. माँट्रियलचं मॅक्गिल मोजक्या परदेशी विद्यार्थ्यांना घेतं, पण तिथली फी बघून मग बोला. कॅनडातली पदवी असेल तर मॅक्गिलला एमकॅटही सक्तीची नाही. म्हणजे मॅक्गिलच्या दारावर तुमची मुलगी टकटक करू शकते, पण तिथे त्या क्लासचा उपयोग नाही.

गोदाकाठचा
हे क्लासवाल्यांनी सांगितलं नाही. त्यांनी फॉर्मवर नागरिकत्व भरून घेतलं होतं.

शेवग्याची शेंग
क्लासवाला कशाला सांगेल? त्याचं काम एमकॅटपर्यंत.

खमंग काकडी
मला वाटतं सगळ्यात आधी वेस या पदव्या तपासणाऱ्या संस्थेचं मूल्यांकन करून घ्या. कोर्सनिहाय रिपोर्ट मागवा, साधा नको. कॉलेजातून सीलबंद पाकीट जायला महिने लागतात. आमच्या भाचीचं पुण्यातून पाठवायला सहा खिडक्या फिरावं लागलं, एका खिडकीवर तर जेवणाची सुट्टी सकाळी साडेअकरापासून होती.

निरुपमा के
काकडीताई, वेस परदेशी पदवीसाठी. हिची पदवी कॅनडातली आहे आणि बारावीचे मार्क इथे कोणी बघत नाही.

मिसिसागाची मंजू
दादा, निराश होऊ नका, क्रम बदला. आधी पीआर, मग मेडिकल. चौथं वर्ष पूर्ण करू द्या. पदवीनंतर तीन वर्षांपर्यंतचं वर्क परमिट मिळतं. त्यात कुशल दर्जाची एक वर्ष पूर्णवेळ नोकरी केली की एक्स्प्रेस एंट्रीच्या (गुणांवर पीआर देण्याच्या पद्धतीच्या) कॅनेडियन एक्स्पिरियन्स गटात बसते. मग गुणांचा खेळ. वयाचे सगळ्यात जास्त गुण २० ते २९ मध्ये मिळतात, ती बाजू तिची भक्कम आहे. पीआर आलं की ओंटारिओच्या रहिवासाचा मुद्दा. मॅकमास्टरची व्याख्या अशी की नागरिक किंवा पीआर असावं आणि वयाच्या चौदाव्या वर्षानंतर किमान तीन वर्षं ओंटारिओत राहिलेलं असावं. प्रत्येक कॉलेजचं पान अर्जाच्या वर्षी पुन्हा वाचायचं, कारण दर उन्हाळ्यात काहीतरी बदलतं.

पोळी की चपाती
ती आत्ता पार्टटाइम करत असेलच ना? त्या तासांची बेरीज करून वर्ष भरवायचं.

मिसिसागाची मंजू
अजिबात नाही. पूर्णवेळ शिकत असतानाचं काम कॅनेडियन एक्स्पिरियन्समध्ये धरत नाहीत. टिम हॉर्टन्समध्ये कॉफी ओतली ते खर्चाला. कृपया असलं लिहून कोणाला खड्ड्यात घालू नका.

गोदाकाठचा
बायकोची बहीण ब्रॅम्प्टनला आहे, सिटिझन. त्याचे गुण मिळतील का?

मिसिसागाची मंजू
मावशीचे नाही. सख्खा भाऊ-बहीण तिथे असेल तर १५. मावशीकडे राहून भाडं मात्र वाचेल, आणि ते आत्ता जास्त कामाचं.

माँट्रियलचा मध्या
सगळे एक गोष्ट विसरताय. फ्रेंच! चारही कौशल्यांत एनसीएलसी (फ्रेंचची कॅनडातली पातळी) ७ आलं आणि इंग्रजी ठीक असलं की ५० जादा गुण. शिवाय फ्रेंचवाल्यांच्या पीआरच्या निवडीच्या वेगळ्या फेऱ्या निघतात, त्यांचा कटऑफ नेहमीच्या फेऱ्यांपेक्षा बराच खाली असतो. एमकॅटच्या क्लासचे पैसे फ्रेंचला लावा. परीक्षा टेफ कॅनडा नाहीतर टीसीएफ कॅनडा, दोन्हीपैकी कुठलीही चालेल. ओटावा विद्यापीठात तर मेडिकलही फ्रेंचमधून आहे.

बर्फातला बंड्या
आला फ्रेंचवाला. मध्या, तू गाडीचं टायर कुठलं घ्यावं या धाग्यावरही फ्रेंच शिका म्हणून लिहिलं होतंस.

माँट्रियलचा मध्या
आणि बरोबरच लिहिलं होतं. क्यूबेकच्या गॅरेजवाल्याशी इंग्रजीत घासाघीस करून दाखव.

अंबोलीतला पाऊस
मध्येच विचारतोय, माफ करा. माझा मुलगा गोव्यातून बीडीएस करतोय, त्याला कॅनडात डेंटिस्ट व्हायचं असेल तर हेच सगळं लागतं का?

निरुपमा के
वेगळा धागा काढा हो. डेंटलची पूर्ण वेगळी यंत्रणा आहे.

गोदाकाठचा, शुक्रवारबद्दल. पैसे भरू नका. एमकॅट चांगली की वाईट हा मुद्दाच नाही, स्कोअर शिळा होतो. बहुतेक ठिकाणी गेल्या पाच वर्षांतलाच चालतो. पदवी, नोकरी, पीआर यात तीन-चार वर्षं सहज जातील. आत्ता दिलेल्या परीक्षेचा निकाल ऐन अर्जाच्या वेळी बाद व्हायच्या बेतात असेल. परीक्षाही हव्या तितक्या वेळा देता येत नाही: एका वर्षात तीनदा, दोन वर्षांत चारदा, जन्मात सातदा.

आत्ता करण्यासारखं म्हणजे जीपीए राखणं. चौथ्या वर्षाचे विषय जपून निवडायला सांगा. दोन प्राध्यापकांशी ओळख वाढवायला सांगा, तिसरा कामाच्या ठिकाणचा, कारण तीन जणांची शिफारस लागते. आणि ओमसासमध्ये आत्मवृत्तासारखा एक तक्ता असतो. सोळाव्या वर्षानंतर काय काय केलं ते त्यात भरायचं, प्रत्येक नोंदीला खात्री देणारा माणूस, त्याचा फोन आणि ईमेल. तो तक्ता आजपासून लिहायला घ्या.

गोदाकाठचा
बारावीनंतरच्या सुट्टीत ती त्र्यंबककडच्या एका आश्रमशाळेत मुलांना विज्ञान शिकवायला जायची. सकाळच्या सातच्या एसटीने. ते चालेल? हेडमास्तर ईमेल बघत नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपवर पण फक्त सुप्रभात पाठवतात.

निरुपमा के
उत्तम चालेल. हेडमास्तरांचं चालू असलेलं ईमेल खातं हवं, शाळेच्या क्लार्कने उघडलं तरी हरकत नाही. ते निवृत्त व्हायच्या आत मिळवा.

शेवग्याची शेंग
आणि हो, क्वीन्स विद्यापीठाच्या मेडिकलचं ऐकलंत का? किमान जीपीए, एमकॅट वगैरेचा उंबरठा ओलांडला की पुढे इंटरव्ह्यूला कोणाला बोलवायचं त्यासाठी लॉटरी काढतात. २०२४ मध्ये जाहीर केलं. माझा लेक उंबरठ्याच्या वर होता.

डॉ. गारठलेला
लॉटरीपेक्षा नीट बरी की नाही? मी सांगत होतो.

बर्फातला बंड्या
नीटला किती लाख बसतात ते माहितीये ना डॉक्टर?

अंबोलीतला पाऊस
वेगळा धागा काढला आहे, कृपया बघा. तिथे अजून कोणी आलेलं नाही.

गोदाकाठचा
क्लासवाल्यांना नकार कळवला. लगेच फोन आला, सवलत सोमवारपर्यंत वाढवली म्हणतात. मुलीशी बोललो, तिचं म्हणणं वर्क परमिट आणि हॉस्पिटलच्या संशोधन विभागात नोकरी, हे तिने आधीच ठरवलेलं आहे. मध्या, नाशकात फ्रेंचचा चांगला क्लास कुठे आहे? कॉलेज रोडच्या बाजूला असेल तर बरं.

माँट्रियलचा मध्या
नाशकात कशाला? फ्रेंच मुलीला शिकायचंय ना?