कामाच्या फिरतीवर वस्तरा न्यावा की घरीच ठेवावा?

पाचपाखाडीकर
महिन्यातले दहा-बारा दिवस मी ठाण्याबाहेर असतो. काम बॉयलरच्या तपासणीचं. आज अंकलेश्वर, परवा कोरबा, पुढच्या आठवड्यात विशाखापट्टणम. गेली सहा वर्षं दाढी वस्तऱ्यानेच करतो. सलूनमध्ये अर्धं ब्लेड अडकवतात तो वस्तरा नव्हे. दगडावर धार लावायचा, रोज पट्ट्यावर परजायचा, तो पोलादी.

परवा ऑफिसात एका सहकाऱ्याशी यावरून वाद झाला. तो म्हणाला, घरी हवी तेवढी हौस कर, पण फिरतीवर हे लोढणं कशाला? मला ते अजिबात पटलं नाही, म्हणून इथे मांडतो.

पहिलं म्हणजे माझ्यासाठी दाढी ही हौस नाहीच. भट्टीच्या आत उतरताना तोंडाला घट्ट बसणारा मास्क लावावा लागतो. त्याची रबरी कड आणि कातडी यांच्यामध्ये खुंट आले, की तिथून धूळ आत शिरते. म्हणजे रोज सकाळी गुळगुळीत दाढी हवीच. माझे केस जाड आणि वळणारे. तीन-चार पात्यांच्या कार्ट्रिजने केलं की तिसऱ्या दिवशी गळ्यावर लाल पुटकुळ्या येतात आणि मास्कची कड नेमकी त्यांवर घासते. वस्तऱ्याने हा त्रास गेला.

दुसरं म्हणजे फिरतीवरचा सगळा दिवस दुसऱ्यांचा असतो. गाडी त्यांची, गेटपास त्यांचा, जेवणाची वेळसुद्धा त्यांची. सकाळची ती वीस मिनिटं मात्र माझी. पट्ट्यावर वस्तरा चाळीस वेळा जातो-येतो तोवर डोकं स्वच्छ होतं. हे सुख घरी ठेवून जायचं आणि जिथे त्याची सर्वांत जास्त गरज आहे तिथे कोरडं राहायचं, हे कसलं शहाणपण?

सामान फार नाही. वस्तरा, लाकडी फळीवर चिकटवलेला वीतभर चामड्याचा पट्टा, ब्रश, साबणाची वडी, तुरटी. दगड घरीच राहतो, दोन-अडीच महिन्यांनी लागतो. पट्टा विसरलो तर वर्तमानपत्राची घडी करून त्यावर परजतो. चांगलं चालतं.

ऐरोली ते आकाश
दादा, मी तुमच्याच पंथातला होतो. आता नाही. का ते सांगतो.

माझा वस्तरा आजोबांचा होता. जर्मनीतल्या सोलिंगेनचा शिक्का पात्याच्या मुळाशी, मुठीचं शिंग पिवळं पडलेलं. दोन वर्षांपूर्वी आदल्या रात्री घाईत बॅग बदलली. मोठी बॅग रद्द केली आणि तिच्यातली दाढीची पिशवी तशीच पाठीवरच्या बॅगेत टाकली. सुरक्षा तपासणीत ती बाजूला काढली. उघडं पातं केबिनमध्ये नेता येत नाही, हा नियम मला पाठ होता. त्या जवानाने नियमाप्रमाणेच केलं, चूक सर्वस्वी माझी. मागे जाऊन सामान जमा करायला वेळ नव्हता. वस्तरा तिथल्या डब्यात टाकून मी विमानात बसलो. आजोबांनी तो चाळीस वर्षं वापरला होता.

तेव्हा प्रश्न हौसेचा नाही. वारंवार फिरणारा माणूस कधीतरी चुकणारच. महिन्यातून चार वेळा बॅग भरणारा आणि वर्षातून एकदा भरणारा, यांत चुकण्याची संधी कोणाला जास्त? ज्याचं जास्त फिरणं, त्यानेच वस्तरा घरी ठेवावा. माझ्या फेऱ्या बहुतेक एका रात्रीच्या. सात किलोची केबिन बॅग उचलायची आणि चालू पडायचं. वस्तऱ्यासाठी बॅग जमा करायची आणि उतरल्यावर सामानाच्या फिरत्या पट्ट्याशी उभं राहायचं, हा वेळ तुमच्या त्या वीस मिनिटांतून वजा करा. साध्या सेफ्टी रेझरची सुटी ब्लेडंही वर नेता येत नाहीत. उरतं कार्ट्रिज. नसेल आवडत, पण दोन दिवस भागतं.

पाचपाखाडीकर
आजोबांच्या वस्तऱ्याचं वाचून खरंच वाईट वाटलं. माझाही वडिलोपार्जित असता तर मी तो बाहेर काढला नसता, हे कबूल. फिरतीसाठी मी वेगळा घेतला आहे, गेला तर हळहळ वाटेल पण रडू येणार नाही असा. आणि त्याची जागा जमा करायच्या बॅगेतच. ती बॅग नसेल त्या फेरीला वस्तराही नाही. माझी अवजारं तशीही केबिनमध्ये चालत नाहीत, त्यामुळे बॅग जमा होतेच. तुमचं गणित एका रात्रीच्या फेरीला लागू आहे. माझं काम चार-पाच रात्रींचं.

कोपरीचा कारागीर
आमची तिसरी पिढी या धंद्यात. आजोबा धोकटी घेऊन घरोघर जात, वडिलांनी दुकान टाकलं, मी तेच चालवतो. दोघांनाही चार गोष्टी सांगतो.

सगळे वस्तऱ्याच्या हाताबद्दल बोलतात. दाढी दुसऱ्या हाताने होते. कातडी ताणून धरणाऱ्या हाताने. हॉटेलात आरसा वेगळ्या उंचीवर, दिवा डोक्यावर, जबड्याखाली सावली. दिसत नाही म्हणून माणूस मान वाकडी करतो, मान वळली की कातडी सैल पडते, आणि सैल कातडीत पातं शिरतं. कापतं ते इथे. म्हणून परक्या आरशासमोर डोळ्यापेक्षा बोटांवर भरवसा ठेवा. आधी बोटांनी खुंटाची दिशा चाचपा, मग पातं लावा. पातं साधारण तीस अंशांत, जवळजवळ आडवं. उभं धरलं की खरवडतं. आणि नव्या जागी पहिल्या दिवशी उलटा हात मारूच नका. सुलटी दाढी करा, पुरे.

आता आमच्या धंद्यातून तो जुना वस्तरा का गेला? एकच पातं दहा गिऱ्हाइकांना लावलं तर रक्तातून कावीळ आणि एचआयव्ही पसरण्याचा धोका. म्हणून प्रत्येकाला नवं अर्धं ब्लेड आलं. घरी एकट्याने वापरायला जुना वस्तरा उत्तमच आहे. पण फिरतीवर ब्लेड अडकवायचा वस्तरा न्या की. ब्लेड कुठल्याही गावच्या किराणा दुकानात मिळतं. पट्टा नको, तेल नको. फक्त एक ध्यानात ठेवा, तो वजनाला हलका आणि ब्लेड फार तिखट. जुना वस्तरा थोडी चूक पोटात घालतो, हा घालत नाही.

पोलादी नेणारच असाल तर पावसाळ्यात सांभाळा. दाढी झाली, घडी केली, ओल्या पिशवीत टाकला आणि विमान पकडलं, की संध्याकाळपर्यंत धारेवर तपकिरी ठिपके. बिजागरीतलं पाणी टिपून घ्या, पात्याला तेलाचं बोट लावा.

पाचपाखाडीकर
काका, तिखटपणाचं तुम्ही म्हणता तेच माझं कारण. ब्लेडवाला करून पाहिला, दोनदा हनुवटी कापली. शिवाय परजण्याचं काम त्यात नाही, आणि माझा अर्धा जीव त्याच कामात आहे.

नेरूळची परिचारिका
मी त्वचारोग विभागात काम करते. पुटकुळ्यांचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पहिलं पातं केस किंचित ओढतं, पुढचं कापतं, आणि केसाचं टोक कातडीच्या खाली जातं. वळणारा केस मग आतल्या आत वाढतो. एकेरी पात्यात हे कमी होतं. पण त्यासाठी वस्तराच हवा असं नाही, एका ब्लेडचा साधा रेझरही तेच करतो.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल त्यांनी मात्र हा नाद करू नये, घरीही नको आणि बाहेरही नको. मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. छोटी जखमही चिघळू शकते.

ऐरोली ते आकाश
एक गोष्ट कोणी बोललं नाही. पाचपाखाडीकर, तुम्ही मास्कचं कारण सर्वांत आधी दिलंत. मग पहाटे साडेतीनला घर सोडून, विमान पकडून, उतरल्यावर गेस्टहाउसमध्ये अर्ध्या तासात तयार व्हायचं असतं तेव्हा काय करता? झोप अपुरी, हात जड, पाणी क्षाराचं, फेस उभा राहत नाही. अशा दाढीत जबड्याच्या कोपऱ्यात खुंट राहतातच. तिथेच मास्कची कड बसते ना? मग तुमचं पहिलं कारण तुमच्याच विरुद्ध जातं. आत धूळ गेली तर ती फुप्फुसात जाते, मित्रा. तिथे वीस मिनिटांच्या शांततेची किंमत कोण देणार?

पाचपाखाडीकर
कालपासून यावर विचार करतोय. झालंय तसं, एकदा. आत उतरण्याआधी मास्क तपासताना डाव्या जबड्याखालून हवा येत होती. परत जाऊन तिथल्या बेसिनपाशी कोणाच्या तरी नव्या कार्ट्रिजने ती जागा साफ केली. हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

तेव्हा पोहोचायच्या दिवशी कार्ट्रिज, तेही आदल्या रात्री घरीच दाढी उरकून, फक्त राहिलेलं साफ करायला. दुसऱ्या सकाळपासून वस्तरा. क्षाराच्या पाण्यावर उपाय आहे, पिण्याच्या बाटलीतलं थोडं पाणी फेसासाठी वापरतो. पण वस्तरा घरी ठेवणार नाही. पाच दिवसांतल्या चार सकाळी मला हव्या आहेत.

ऐरोली ते आकाश
चार सकाळींसाठी दोन अवजारं. मला अजून पटलेलं नाही, पण त्या दिवशी तुम्ही मागे फिरलात हे बरं केलंत.

काका, तुम्हाला एक विचारायचं होतं. सासऱ्यांच्या पेटीत एक वस्तरा सापडलाय, गंजलेला. तो घरीच राहील, बाहेर नेणार नाही. वाचेल का?

कोपरीचा कारागीर
गंज पात्याच्या अंगावर असेल तर निघतो. धारेवर खड्डे पडले असतील तर धार मागे घ्यावी लागते, पातं थोडं अरुंद होतं, पण चालतं. तडा गेला असेल तर मात्र ठेवून द्या. नखाने धारेजवळ हलकं टिचकावून बघा, खणखणीत वाजलं तर आशा आहे. घरी सँडपेपर लावू नका. तेलाच्या फडक्यात गुंडाळून आणा, सोमवार सोडून कधीही.