एक्स्टेंडेड वॉरंटीआधी गाडी बाहेर तपासून घ्यावी का? (नाशिक)

मंडळी, मदत हवी आहे. टर्बो डिझेल, मॅन्युअल गिअर, मीटर ४१ हजारांवर. कंपनीची वॉरंटी पुढच्या महिन्यात संपतेय. सर्व्हिस सेंटर म्हणतं, मुदतीत एक्स्टेंडेड घेतली तर तपासणी नाही, मुदत उलटली तर करावी लागेल. मग स्वतःहून तपासायची गरज आहे का? नाशिक–मुंबई फेऱ्या असतात, म्हणजे कसारा घाट कायमचाच. घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, तेही यात बसेल का?

प्रतिसाद १
तपासाच, आणि मुदतीच्या आत. आज सापडलेला दोष चालू वॉरंटीत फुकट निघतो. तोच नंतर सापडला तर ‘आधीपासूनचा’ म्हणून वाद घालतात. शिवाय वाढीव वॉरंटीत कव्हर होणाऱ्या भागांची यादी बहुधा मूळ वॉरंटीपेक्षा आखूड असते. पैसे भरण्याआधी ती मागून वाचा. जे सापडेल ते शेवटच्या तारखेआधी सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर (कामाच्या नोंदपत्रावर) लिहून घ्या आणि प्रत ठेवा. ‘पार्ट मागवलाय, आला की फोन करतो’ एवढ्यावर परत येऊ नका.

प्रतिसाद २
अंबड-सातपूरकडच्या दोन खांबी लिफ्ट असलेल्या गॅरेजला जा. वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर चाकांवर भार राहतो, मग बॉल जॉइंटचा (चाकाच्या सस्पेन्शनमधल्या सांध्याचा) खेळ, म्हणजे सैलपणा, नीट कळत नाही आणि एक्सल बूटही (एक्सलच्या सांध्यावरचं ग्रीस भरलेलं रबरी आवरण) चाक फिरवून बघता येत नाही. आणि फक्त बघायला सांगा. बाहेर काही उघडलं की क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं.

इंजिन आदल्या दिवशी धुऊन नेऊ नका, पाझर पुसला जातो. इगतपुरीचा चिखल खाली थापलेला असेल तर धुवा, पण मग दोनशेएक किलोमीटर चालवून लिफ्टवर चढवा.

सगळ्यात महागाची जागा म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा सांधा. तिथे ओल दिसली तर क्रँकचं मागचं ऑइल सील किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील. डिझेलचं इंजिन ऑइल काळंकुट्ट असतं, गिअर ऑइलला उग्र वास येतो. बोटाला लावून बघा. सील स्वस्त, पण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी भारी. मात्र टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून गळणारं ऑइलही मागून ओघळत तिथेच साठतं, म्हणून आधी वरून टॉर्च मारा.

एक्सल बूटच्या घड्या दाबून बघा. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं असेल तर बूट फाटलाय. बूट रबराचा म्हणून वगळतात, आणि त्यामुळे जॉइंट गेला तर तोही वगळतात. इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजला आतून तेलाचा पातळ थर असतोच, त्याला घाबरू नका. क्लॅम्पपाशी थेंब धरत असेल तर लिहून घ्या. कूलंटची पातळी थंड इंजिनवर, घाट करून आल्यावर पुन्हा थंड झाल्यावर. वॉटर पंपाखाली वाळलेला रंगीत थर म्हणजे गळती.

प्रतिसाद ३
स्कॅनर लावाल तेव्हा पेंडिंग कोडही (अजून पक्क्या न झालेल्या दोषांच्या नोंदी) वाचायला सांगा, आणि ‘क्लिअर’ करू देऊ नका. कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले हे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) साठवतो. काही लपवायचं नसलं तरी तपासणाऱ्याला संशय येतो.

थरथरीबद्दल: हायवेच्या वेगात फक्त ब्रेक दाबल्यावर होत असेल तर बहुतेक पुढच्या डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. डिस्क-पॅड झिजणारे भाग, ते कव्हरमध्ये धरू नका. मायक्रोमीटरने सात-आठ ठिकाणी जाडी मोजून घ्या. किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते. त्याखाली गेली असेल तर टर्निंग (लेथवर घासून सपाट) करून उपयोग नाही, दोन्ही बाजूंच्या डिस्क बदला. ब्रेक न दाबताही थरथरत असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग बघा. ब्रेक ऑइलला दोन वर्षं झाली असतील तर तेही बदला. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढता साधारण त्यातच उतरा, नाहीतर नव्या डिस्कचीही तीच गत होते.